राजा मागणारी प्रजा आणि ईश्वराचा अधिकार

सत्ता परमेश्वरापासून आली असे म्हटले म्हणजे ती निर्दोष ठरते काय? हा प्रश्न केवळ राजनीतीचा नाही. जेथे जेथे एक जीव दुसऱ्या जीवावर अधिकार चालवितो, तेथे तेथे तो उभा राहतो. याचा विचार करण्यास प्राचीन इस्राएल लोकांचा वृत्तांत फार उपयोगी आहे. कारण त्यांच्या धर्मग्रंथाने राजसत्तेचे समर्थन आणि तिची निंदा ही दोन्ही जपून ठेविली आहेत.

त्यांच्या भोवतालच्या राष्ट्रांत या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. मिसर देशात राजा हा होरस देवतेचे प्रत्यक्ष रूप मानला जाई. बाबिलोनचा राजा हम्मुरबी याच्या इ. स. पू. १८ व्या शतकातील विधिशिलेवर तो शमश या सूर्यदेवतेसमोर उभा असल्याचे कोरलेले आहे; त्या शिलेवरील विधी त्याच राजाच्या नावाचे आहेत. इस्राएलांचे धर्मशास्त्र मात्र कोणाही राजाच्या नावावर नाही. ते मोशेच्या द्वारे, राजे होण्याच्या पुष्कळ पूर्वी, सीनाय पर्वतावर प्राप्त झाले अशी त्यांची श्रद्धा आहे. या एका भेदातून पुढील सर्व विचार निघतो.

आरंभी त्यांच्यात राजा नव्हता. संकट आले की एखादा शास्ता पुढे होई. गिदोन नावाच्या शास्त्याला लोकांनी वंशपरंपरेने राज्य देऊ केले, तेव्हा तुमच्यावर राज्य करणारा प्रभूच आहे असे सांगून त्याने ते नाकारले. पुढे शमुवेल वृद्ध झाला. त्याचे पुत्र न्यायदानात लाच घेऊ लागले. तेव्हा वडीलजन त्याच्याकडे आले आणि इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हासही राजा नेमून दे असे म्हणाले. त्यांची तक्रार खोटी नव्हती, हे लक्षात ठेविले पाहिजे. परंतु लाचखाऊ न्यायाधीश दूर करा असे न म्हणता त्यांनी राजा मागितला. ग्रंथ सांगतो की, लोकांनी तुला नव्हे, मलाच अव्हेरिले, असे प्रभूने शमुवेलास म्हटले, आणि तरीही त्यांची मागणी मान्य करण्यास सांगितले. राजा तुमचे पुत्र रथांसाठी नेईल, कन्यांना स्वयंपाकास लावील, उत्तम शेते व द्राक्षमळे घेईल, धान्याचा दशांश घेईल आणि शेवटी तुम्ही त्याचे दास व्हाल, असा इशारा शमुवेलाने दिला. लोकांनी तो ऐकला नाही. शौल राजा झाला.

येथे शंका येते. मागणी नापसंत होती तर ती पुरविली का? आणि पुरविली तर राजा ईश्वरदत्तच म्हणावा लागेल.

समाधान असे की, मागितलेले मिळाले एवढ्यावरून मागणे योग्य होते हे सिद्ध होत नाही. देवतांची उपासना करणारास फळ मिळते. परंतु ते फळ क्षयी असते, आणि ते मिळाले म्हणून ती उपासना मोक्षाचे साधन ठरत नाही. इस्राएलांसही परिणाम आधी सांगूनच राजा दिला गेला. अनुमती आणि संमती यांत अंतर आहे.

दुसरी शंका अशी की, राजास तैलाभिषेक होत असे. शौल जिवावर उठला असताही दावीदाने प्रभूचा अभिषिक्त म्हणून त्याच्यावर हात टाकला नाही. मग अभिषिक्ताचा दोष बोलावा कसा? याचे उत्तर दावीदाच्याच चरित्रात आहे. दावीद राजा झाल्यावर त्याने उरीयाची पत्नी हरण केली आणि उरीयास युद्धात पुढे धाडून मारविले. तेव्हा नाथान संदेष्ट्याने श्रीमंताने दरिद्र्याची एकुलती मेंढी घेतल्याची कथा सांगितली आणि दावीद संतापताच तो मनुष्य तूच आहेस असे तोंडावर सांगितले. दावीदाने दोष कबूल केला. दावीदाने अभिषिक्तावर शस्त्र धरले नाही आणि नाथानाने सत्य गिळले नाही. या दोन गोष्टींत विरोध नाही. आदर हा अभिषेकाचा होता, आचरणाला त्याचे कवच नव्हते. पुढे अहाब राजाने नाबोथाचा द्राक्षमळा मागितला, तेव्हा वडिलार्जित भूमी देणार नाही असे तो सामान्य शेतकरी म्हणू शकला. खोट्या साक्षी उभ्या करून त्याचा वध झाला. पण एलीया संदेष्ट्याने राजास मळ्यातच गाठून जाब विचारला.

त्यांच्या शास्त्रात राजासाठी नियमही आहे: त्याने घोडे, स्त्रिया, सोने व रुपे यांचा संचय करू नये, धर्मशास्त्राची प्रत लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर वाचावी. शलमोनाने संचयाचे हे सर्व निषेध मोडले. त्याच्या मागे राज्य दुभंगले. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरांनी उत्तरेचे शोमरोन जिंकले आणि इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनी सैन्याने यरुशलेम उद्ध्वस्त केले. राजे संपले, पण धर्म संपला नाही, कारण तो राजापासून आलाच नव्हता.

आपला सिद्धांत त्यांच्याहून भिन्न आहे. ते परमेश्वराचा अवतार मानीत नाहीत. आपण पंचकृष्णांचे उपासक आहोत. तथापि जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानणारास या वृत्तांताचे मर्म सहज कळेल. सिंहासनावर बसलेला जीव हा जीवच राहतो. अदृश्य स्वामीच्या आज्ञेत राहणे कठीण वाटले म्हणजे दृश्य धनी हवासा होतो, हे दुर्बलत्व केवळ इस्राएलांचे नव्हे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर आपल्या पूर्वजांसही असन्निधानाचे दुःख सोसावे लागले. श्रीनागदेवाचार्यांनी मार्ग सांभाळला, पण ते आचार्यच राहिले. परमेश्वराचे स्थान त्यांनी घेतले नाही आणि कोणी त्यांना दिले नाही.

म्हणून ज्याच्या हाती मठाचा, मार्गाचा वा घराचा अधिकार आहे, त्याने आपल्याजवळ दोष सांगणारा नाथान आहे की नाही हे पाहावे. आणि जो अनुसरला आहे, त्याने आपण आज्ञा कोणाची पाळतो आणि केवळ भयाने मान कोणापुढे लववितो, हे स्मरणाच्या वेळी स्वतःस विचारावे. दंडवत प्रणाम.