सोसलेले दुःख

दुःख मनुष्यास शहाणे करते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. ज्याच्या पायात काटा रुतला तो दुसऱ्याच्या वाटेवर काटे पेरणार नाही, अशी आपली समजूत असते. एखाद्या मनुष्याने किंवा राष्ट्राने पुष्कळ सोसले आहे असे कळले, की त्याच्या न्यायबुद्धीविषयी आपण फारशी चौकशी करीत नाही. ही समजूत कितपत खरी, याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या उन्हाळ्यात आमच्यावर एका सहलीत आला.

आमचा मुलगा नोकरीनिमित्त विलायतेत असतो. त्याने आम्हां उभयतांस बोलावून घेतले आणि सून व दहा वर्षांची नात यांसह स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या तीन केल्टिक देशांची सहल ठरविली. एक मोठी मोटार, तीत पुढे बसून ध्वनिवर्धकातून बोलणारा वाटाड्या, ठरलेल्या वेळी चहा आणि ठरलेल्या वेळी हळहळ, असा या सहलींचा क्रम असतो. आमचा वाटाड्या वृद्ध, हसतमुख व बहुश्रुत होता, आणि आपल्या लोकांच्या दुःखांविषयी तो मनापासून बोले.

एडिंबरो येथील किल्ल्यासमोरच्या पटांगणात एक उंच दगडी क्रूस आहे. १८५७-५८ सालचे हिंदुस्थानातील बंड मोडताना ७८ व्या हायलँडर पलटणीचे जे लोक मेले, त्यांचे ते स्मारक होय. नातीचे लक्ष मात्र त्यावरील हत्तीकडे गेले. “आजोबा, इथं हत्ती कुठून आला?” तिने विचारले. मी म्हणालो, “आपल्या जालना जिल्ह्यातून.” २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई गावाजवळ शिंदे व भोसले यांच्या फौजांचा आर्थर वेलस्लीने पराभव केला. त्या लढाईत ही पलटण होती आणि तिथल्या पराक्रमाबद्दल तिला हत्तीचे चिन्ह मिळाले, हे मी तिला सांगितले. सांगताना माझा स्वर जरा कडवट झाला असावा, कारण तिने लगेच विचारले, “म्हणजे ही वाईट माणसं होती का?” मी होय म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही.

पुढे दोन दिवसांनी आमची मोटार उत्तरेस कलोडनच्या माळावर पोहोचली. तेथे १६ एप्रिल १७४६ रोजी डोंगराळ प्रदेशातील घराण्यांच्या फौजेचा पाडाव झाला. त्यानंतर त्या लोकांचा पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख कायद्याने बंद करण्यात आला, आणि ती बंदी १७८२ पर्यंत टिकली. पुढे जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या अधिक किफायतशीर वाटू लागल्या आणि खोरीच्या खोरी ओस पडली. १८१४ साली स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात तर घरांची छपरे जाळून लोकांस बाहेर काढले. १७९२ साली रॉस परगण्यातील शेतकऱ्यांनी मेंढ्यांचे कळप हाकलून लावले, तेव्हा त्यांच्यावर सैन्य धाडण्यात आले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्याच मुलखातील एका मोठ्या जमीनदाराने एक नवी पलटण उभी केली. तीच ही ७८ वी पलटण.

नात बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. मग हळूच म्हणाली, “तीच माणसं?” “तीच, नाहीतर त्यांचे भाऊबंद,” मी म्हणालो. ज्यांच्याविषयी एडिंबऱ्यात माझे मन कडवट झाले होते, त्यांच्याच ओसाड खोऱ्यांतून जाताना ते कळवळले होते. यांपैकी कोणती भावना खोटी मानावी? मला तरी दोन्ही खऱ्या वाटल्या.

भुकेला मनुष्य मिळेल ती चाकरी पत्करतो, आणि हुकूम तर वरच्यांचा असतो, असे या शिपायांच्या बाजूने म्हणता येईल व ते रास्तही आहे. परंतु भुकेमुळे अपराधाचा भार हलका होतो, नाहीसा होत नाही. शिवाय जुलूम सोसलेल्या मनुष्याकडून जुलूम करवून घेणे किती सोपे असते, याचे दुसरे उदाहरण आम्हांस वेल्समध्ये मिळाले. गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तेथील काही शाळांत वेल्श भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा एक तुकडा अडकवीत. दुसरे कोणी मूल वेल्श बोलताना सापडले, की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई. शाळा सुटताना तो ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी बसे. म्हणजे आपली सुटका व्हावयाची तर दुसऱ्यास पकडून देणे भाग. मास्तरांना फारसे काही करावे लागत नसे. मुलेच एकमेकांवर पहारा करीत.

आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकून एवढेच म्हटले, “आपल्याकडे नाही का, सासूनं छळलेली सून सासू झाल्यावर तेच करते?” चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, ही म्हण आपण न्यायाची म्हणून वापरतो. वास्तविक छळ पुढील पिढीकडे कसा पोहोचतो, याचीच ती कबुली आहे. आणि घराबाहेर तरी निराळे काय? असईचे शल्य बाळगणाऱ्या आम्हां मराठ्यांची फौज १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात असे. बंगाली आया मुलांना निजविताना ज्या बर्गींची भीती घालीत आल्या, ते बर्गी आमचेच स्वार होते.

वेल्सच्या किनाऱ्यावरून बोटीने आम्ही आयर्लंडास उतरलो. तेथे मिडलटन गावी मद्याचा एक जुना कारखाना पाहावयास मोटार थांबली. आम्हांस त्यात गोडी नसल्यामुळे आम्ही जवळच्या बागेत गेलो. तेथे पोलादाची नऊ प्रचंड पिसे वर्तुळात उभी आहेत. बटाट्याच्या पिकावरील रोगामुळे १८४५ पासून आयर्लंडात जो दुष्काळ पडला, त्यात सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या वेळी, १८४७ साली, अमेरिकेतील चॉक्टॉ नावाच्या मूळ रहिवाशांनी वर्गणी काढून पैसे पाठविले. अवघ्या सोळा वर्षांपूर्वी त्यांना स्वतःच्या भूमीतून पिटाळण्यास आरंभ झाला होता आणि वाटेत त्यांची हजारो माणसे दगावली होती. त्या देणगीचे हे स्मारक. २०२० च्या साथीत अमेरिकेतील दुसऱ्या मूळ जमातींस मदत पाठविताना अनेक आयरिश लोकांनी याच उपकाराचे स्मरण केले.

येथे माझी जुनी समजूत पुन्हा डोके वर काढू लागली. पण तीही पुरती टिकत नाही. याच चॉक्टॉ लोकांतील काही धनिकांपाशी काळे गुलाम होते, आणि पिटाळले जाताना त्या गुलामांनाही त्यांनी बरोबर नेले. एकाच समाजाच्या हातून दोन्ही गोष्टी घडल्या. तेव्हा दुःख मनुष्यास न्यायी करते असे म्हणवत नाही, आणि दुष्ट करते असेही म्हणवत नाही. ते त्याला एक माहिती देते: हे किती दुखते, ही. त्या माहितीचे काय करावयाचे, हे ज्याचे त्याने प्रत्येक वेळी नव्याने ठरवावयाचे असते. आजवर आपण किंवा आपल्या पूर्वजांनी किती सोसले, हे त्या वेळी पुण्याईसारखे खर्ची घालता येत नाही.

परतीच्या वाटेवर नातीने असईची गोष्ट पुन्हा सांगावयास लावली. मी ती सांगितली, आणि या खेपेस तिच्या पाठोपाठ बंगालचीही सांगितली.