हिशेबाबाहेरचं पिल्लू

सहा पिल्लांत ज्याची मान वाकडी होती, त्यालाच मी जीव लावला. बाकीची पाच धडधाकट होती आणि त्यांच्याकडे पाहताना मला आखाड आठवायचा. याबद्दल मला कोणी जाब विचारलेला नाही, विचारणारही नाही. म्हणून स्वतःलाच विचारते आहे.

आमच्या पाथर्डी तालुक्यातून दसऱ्याच्या पुढे-मागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत सगळा संसार चढतो, शेळी चढते, कोंबड्यांचं डालंही चढतं. शेजारणीची एक कोंबडी मात्र नेमकी तेव्हाच खुडूक होऊन अंड्यांवर बसलेली. ट्रॉलीच्या हादऱ्यांत ती अंडी काही टिकणार नव्हती. "बाई, निम्म्या वाट्यानं सांभाळा," असं म्हणून तिनं ती माझ्या पडवीत आणून ठेवली. पिल्लं निघाली, त्यातली काही घारीनं आणि मांजरानं नेली, सहा उरली.

सहावं काही दिवसांनी वेगळं वागायला लागलं. पाय दुमडून ढोपरांवर बसायचं आणि मान मागे, पार पाठीला टेकेपर्यंत वळवायचं. चोच आभाळाकडे. दाणा टिपायला गेलं की मागच्या मागे कोलमडायचं, आणि मग पाय हवेत. आईनं दोन दिवस त्याच्यासाठी थांबून पाहिलं, तिसऱ्या दिवशी बाकीच्यांना घेऊन उकिरड्याकडे निघून गेली. भावंडं तर त्याच्या डोक्यावर टोचायलाच लागली. मग मी त्याला वेगळ्या डाल्याखाली ठेवलं, पण बाकीची दिसतील असं.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला हातात घेऊन फिरवून पाहिलं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, असती तर एव्हाना बाकीचीही पडली असती, असं त्यांचं मत. ब-१ जीवनसत्त्व कमी पडलं की पिल्लं अशी आभाळाकडे बघत बसतात. ई कमी पडलं तरी मेंदूला इजा होते. किंवा अंड्यातूनच काही दोष आला असेल. त्यांनी थेंब दिले. पाणी चोचीच्या कडेला एकेक थेंब लावायचं, घशात ओतायचं नाही, नाहीतर श्वासनलिकेत जातं, हेही शिकवलं. मी भिजवलेली बाजरीची कणी आणि उकडलेल्या अंड्याचा बलक भरवत राहिले. बलक बहुधा त्याच्याच गोतातल्या एखाद्या कोंबडीचा असेल. तेव्हा ते मनातही आलं नाही.

ब-१ची गोष्ट मुळात कोंबड्यांपासूनच सुरू होते. 1890च्या दशकात बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. त्यांना लष्करी इस्पितळातला उरलेला पॉलिशचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्यानं सरकारी भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि साध्या तांदळावर त्या बऱ्या झाल्या. बेरीबेरीचं कोडं तिथून उलगडायला लागलं आणि 1929मध्ये आइकमनला नोबेल मिळालं. लुळ्या पाखराकडे माणसानं इतकं निरखून पाहिलं ते माणसाच्या उपयोगासाठी. माझ्या पाहण्यात उपयोग नव्हता, असं मी म्हणणार होते. पण थेंबांनी मान निम्मी सरळ झाली तेव्हा मी ते गल्लीत चार जणींना दाखवलं, आणि त्यांनी "बाईंचा जीव किती कोवळा" म्हटलेलं मला आवडलं. उपयोग तोही होता.

शेजारणीचा फडातून फोन आला. किती जगली, हा पहिला प्रश्न. एक वाकडं आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मांजराला टाका बाई. दुसऱ्यांना लागंल." मला ती निष्ठुर वाटली. पण तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मजुरी टनावर, आणि उचल आधीच खर्चून गेलेली. अंगात ताप म्हणून फडात नाही गेलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आजारी पडलेल्याला तिथे कोण कणी भरवतं? मला पेन्शन आहे. सकाळ रिकामी आहे. माझ्या कोवळ्या जिवातून या दोन गोष्टी वजा केल्या तर किती उरेल, ते मला सांगता येत नाही.

आणि ती पाच? त्यांचा दोष एवढाच की ती नीट चालत होती. लीळाचरित्रात शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो आणि वाचतो. तो चांगला धावता ससा होता. माझ्या आश्रयाला यायचं तर आधी मान वाकडी असावी लागते. वाकड्याला मी नावही ठेवलं होतं. पाचांना नावं ठेवायची नाहीत, हे मी ठरवलं कधी ते आठवत नाही. पण ठेवली नाहीत खरी. नाव ठेवलेलं पाखरू कापवत नाही, हे मला आधीपासून माहीत होतं.

पाडव्याच्या आधी टोळ्या परतल्या. तोवर पाखरं मोठी झाली होती. वाकडं खोल वाटीतून कडेकडेनं खायला शिकलं होतं, घाबरलं की मात्र जागच्या जागी गरगर फिरायचं. शेजारीण वाटणीला आली. माझा हिशेब मनात तयार होता: पाच धडकी, दाणापाणी माझं, म्हणून तीन माझी, दोन तिची; वाकडं मोजायचंच नाही. तिनं बोटानं मोजली. "सहा हायेत. तीन तुमची, तीन माझी. ते तुमच्यातच ऱ्हाऊ द्या, तुमचा जीव बसलाय त्याच्यावर."

मांजराला टाका म्हणणाऱ्या बाईनं ते एक आख्खं पाखरू धरलं होतं. मी "राहू दे" म्हटलं, हसून म्हटलं. तिनं तीन धडकी उचलली. त्यात तुरा फुटलेला, सगळ्यांत थोराड नर होता, आणि तो गेल्याची चुटपुट मला रात्री जेवतानाही होती.