साधनाचा दोष

प्रत्येक ज्ञान स्वभावतःच प्रमाण असतें, असें मीमांसकांचें मत आहे. मात्र पुढें विरुद्ध प्रत्यय आला, किंवा ज्ञानाच्या साधनांतच दोष आढळला, तर तें ज्ञान टाकावें, असेंहि ते सांगतात. कावीळ झालेल्या माणसाला शंख पिवळा दिसतो, त्यांत शंखाचा अपराध काय?

हा वाद केवळ पोथींतला नव्हे. केज तालुक्यांतील नांदूरघाटसारख्या गावीं मोटारी दुरुस्त करणाऱ्यापुढेंहि तो उभा राहतो. हल्लींच्या मोटारीचें दुखणें नुसत्या कानानें कळत नाहीं. अमेरिकेनें १९९६ सालापासून नव्या मोटारींना सक्तीचें केलेलें १६ पिनांचें तोंड आतां आपल्याकडील मोटारींतहि स्टिअरिंगखालीं आढळतें. त्याला केबलनें स्कॅनर जोडला, कीं मोटारींतील संगणक आपले दोष सांकेतिक अंकांनीं सांगतो.

समजा, स्कॅनर जोडला आणि गाडी बोललीच नाहीं. उतावळा कारागीर म्हणेल, ‘ईसीएम गेला, नवा घाला.’ मालकाला तें पडताळतां येत नाहीं. तो विश्वासानें हजारों रुपये मोजतो. विचारी कारागीर तीच केबल आधीं एखाद्या धडधाकट गाडीला लावून पाहतो. तेथें ती बोलली, तर तो पहिल्या गाडीचा फ्यूज पाहतो. तेथेंहि ती मुकी राहिली, तर मल्टिमीटर घेऊन १६ क्रमांकाच्या पिनेची वीज आणि ४ व ५ क्रमांकांचें अर्थिंग केबलच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोंचतें कीं नाहीं, हें तपासतो. वारंवार वांकून वरचें आवरण शाबूत असतां आंतली तांब्याची तार तुटलेली असते. ती सोल्डर केली, कीं काम भागतें.

कोणी म्हणेल, अशी शंका घेत बसलें तर मल्टिमीटरचीहि परीक्षा करावी लागेल आणि त्या परीक्षेला अंत राहणार नाहीं. आक्षेप खरा आहे. शंकेला कोठें तरी थांबावेंच लागतें. परंतु कोठें थांबावें, हें आपल्या सोयीनें ठरवूं नये. चुकीचा भुर्दंड कोणावर पडणार, हें पाहून ठरवावें, असें आम्हांस वाटतें. स्वतःची गाडी असेल तर घाईचें फळ आपणच भोगूं. दुसऱ्याची असेल, आणि तिच्यावर त्याचें पोट असेल, तर यंत्राच्या मौनाला पुरावा मानण्यापूर्वीं आपल्या हातांतली केबल तपासणें हें केवळ कसब नव्हे, कर्तव्य आहे.