आवाज जिथे रूप बदलतो

घरातली स्टिरिओ यंत्रणा सुधारायची तर पैसे आधी कशावर खर्चावेत, या प्रश्नाचे एक ठाम उत्तर १९७० च्या दशकात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोहून आले. लिन कंपनीचे आयव्हर टीफेनब्रून सांगत : आधी टर्नटेबल, मग ॲम्प्लिफायर, स्पीकर सर्वांत शेवटी. कंपनीची ओळखच टर्नटेबलमुळे होती हे खरे, तरी युक्तिवाद खोटा नव्हता. तबकडीच्या खाचेतून सुईला जे उचलता आले नाही, ते पुढचे कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. मोटारीची थरथर आणि फिरण्याच्या वेगातला चढउतार सुरातच मिसळतो, मग तो वेगळा काढता येत नाही. अशा टर्नटेबलवर तंबोऱ्याचा अखंड षड्ज ज्याने ऐकला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

१९८२ मध्ये सीडी बाजारात आली आणि या युक्तिवादाचा पायाच खचला. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, आणि वेगावर क्वार्ट्झ स्फटिकाचा पहारा. वेगाचा चढउतार तिथे कानाला जाणवतच नाही. आज नीट बांधलेला साधा डॅकही आकड्यांची वीज इतकी स्वच्छ करतो की त्याची चूक ऐकू येण्याच्या पातळीखाली राहते. तत्त्व मात्र जुनेच चालू राहिले. आजही माणूस प्लेअरवर आणि वायरींवर मोठी रक्कम घालवतो आणि उरलेल्या पैशांत बसतील ते स्पीकर उचलतो. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण त्याला संगीत हवे असते आणि संगीत अडते ते शेवटच्या टोकाला.

म्हणून मी वेगळी कसोटी मानतो. आवाज कुठे रूप बदलतो, ते पाहावे. सुईपाशी हालचालीची वीज होते आणि स्पीकरमध्ये विजेची पुन्हा हालचाल होते. खोट मुख्यतः या दोन ठिकाणी येते. चांगल्या ॲम्प्लिफायरची विकृती टक्क्याच्या शंभराव्या भागात किंवा त्याहून कमी मोजली जाते. खर्जातले सूर मोठ्याने वाजवताना स्पीकरची विकृती सहज एक टक्क्यावर जाते. कागदाचा किंवा प्लास्टिकचा पडदा पुढेमागे ढकलून हवा हलवायची, हे काम मुळातच अवघड. एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अमेरिकेत अकूस्टिक रिसर्च कंपनी काढली, तीही याच अडचणीवर तोडगा घेऊन. हवाबंद पेटीतली हवाच स्प्रिंगसारखी वापरून त्यांनी लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. दोन स्पीकरांमधला फरक घरातल्या कुणालाही पहिल्या मिनिटात कळतो. दोन बऱ्या ॲम्प्लिफायरांमधला फरक, दोन्हींची पातळी काटेकोर सारखी ठेवली की, बहुतेकांना सापडतच नाही. ही पातळीची अट फार महत्त्वाची आहे. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘अधिक चांगला’ वाटतो.

स्पीकरइतकाच मोठा घटक आपण मोजतच नाही, तो म्हणजे खोली. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, वर्गात काही कळत नसे. तरुण प्राध्यापक वॉलेस सबाइन यांच्याकडे हे काम आले. शेजारच्या सँडर्स नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या ते रात्री उचलून आणत, ऑर्गनची नळी वाजवून ती बंद झाल्यावर आवाज किती वेळ रेंगाळतो ते मोजत, आणि सकाळपूर्वी गाद्या परत नेऊन ठेवत. त्यातून नियम निघाला : खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका कमी. आपल्या फ्लॅटमध्ये फरशी गुळगुळीत, भिंती सिमेंटच्या, खिडकीला सरकत्या काचा. अशा खोलीत गायकाचे शब्द धूसर होतात आणि दोष स्पीकरवर जातो. जाड सतरंजी, पुस्तकांनी भरलेले उघडे कपाट आणि चुण्यांचा पडदा यांनी होणारा फरक नव्या ॲम्प्लिफायरने होणाऱ्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

खर्ज मात्र सतरंजीला दाद देत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो, तसाच त्याच्या दुपटीचाही. डग्ग्याचा घुमारा साधारण याच पट्ट्यात येतो. तळहाताच्या दाबाने मींड सरकत असताना एखादा बोल खोलीभर दणाणतो आणि पुढचा विरून जातो, तो दोष वादकाचा नसतो. खोली लांबीरुंदीला सारखी असेल तर दोन्ही दिशांचे फुगवटे एकाच सुरावर पडतात. अशा वेळी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढावेत, भिंतीपासून सुटे ठेवावेत आणि ऐकण्याची खुर्चीही मागच्या भिंतीला चिकटवू नये. यासाठी एक रुपयाही लागत नाही, लागते ती घरच्यांची संमती. ती मिळवण्यासाठी जरूर प्रयत्न करावेत.

ॲम्प्लिफायरचा हिशेब थोडक्यात सांगतो. एक मीटरवर एका वॉटला ८६ डेसिबल देणारा स्पीकर दिवाणखान्यात बहुतेक वेळ एक-दोन वॉटवरच वाजतो. उसळणाऱ्या सुरांसाठी त्याच्या दसपट-वीसपट शक्ती हाताशी असली की पुरे. ५० ऐवजी १०० वॉट घेतले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. स्पीकर चार ओहमचे असतील तर ॲम्प्लिफायर ते पेलू शकतो ना, एवढे विचारून घ्यावे. वायर पुरेशी जाड असावी, त्यापलीकडे तिच्यावर पैसे घालू नयेत.

ज्या घरात तबकड्यांचा संग्रह आहे, तिथे मात्र माझी कसोटीच टीफेनब्रून यांच्या बाजूने जाते. झिजलेली सुई वाईट ऐकवते, शिवाय प्रत्येक फेरीत खाच कायमची खरवडते. आजोबांच्या वेळच्या ७८ फेऱ्यांच्या नाट्यपदांची खाच तर एलपीपेक्षा बरीच रुंद असते. तिच्यात एलपीची बारीक सुई तळाशी घसरत राहते, म्हणून साधारण तिप्पट जाड टोकाची वेगळी सुई घ्यावी लागते. त्या घरात पहिला खर्च सुईचा, स्पीकर त्यानंतर.