दाखलखारीज

मे महिना लागला की वऱ्हाडातल्या प्रत्येक दैनिकाच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली असते. अमुक शाळेचा दहावीचा वर्ग पंचवीस वर्षांनी पुन्हा भरला. फोटोत एका रंगाचे टी-शर्ट, डोक्यावर फेटे, मधोमध शाल-श्रीफळ मांडीवर घेऊन अवघडून बसलेले निवृत्त सर. यवतमाळात आर्णी रोडवरची मंगल कार्यालये लग्नाच्या तारखा सरल्या की याच मेळाव्यांवर चालतात, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि या बातमीवर शहाण्या माणसांचे मतही तितकेच ठरलेले असते. ते एका शब्दात मावते: स्मरणरंजन.

हा शब्द उच्चारला की विषय संपतो, असा आपल्या चर्चांचा समज आहे. चाळिशी-पन्नाशीतली माणसे, वर्तमानात रमत नाहीत, म्हणून भूतकाळात जाऊन बसतात. फार तर सहानुभूती दाखवावी आणि पुढे जावे. मला हे मत उथळ वाटते. सगळ्याच मेळाव्यांविषयी मी बोलत नाही. गावातल्या शाळेत दहा ते पाच जाऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्यांचे मेळावे कदाचित स्मरणरंजनाचेच असतील. त्यांची वकिली मी करणार नाही. मी बोलतो आहे ते निवासी शाळांत, वसतिगृहांत, आश्रमशाळांत वाढलेल्यांविषयी. एका वसतिगृहात पाचवी ते दहावी अशी सहा वर्षे मी काढली आहेत, तेव्हा माझे मत निःपक्षपाती नाही हेही आधीच सांगून टाकतो.

आणखी दोन मतांचा निकाल इथेच लावतो. मेळाव्यांतून धंद्याच्या ओळखी जुळतात म्हणणाऱ्यांनी आमच्या जिल्ह्यात कापसावर एक हंगाम धंदा करून पाहावा. आणि जुनी प्रेमप्रकरणे उकरली जातील ही धास्ती बाळगणाऱ्यांनी निश्चिंत असावे. गुडघेदुखी आणि मुलांच्या नीटच्या क्लासची फी या दोन विषयांतून तेवढी उसंत कोणाला मिळत नाही.

उरते ते स्मरणरंजन. या शब्दातच त्याची अट आहे. स्मरणाने रंजन व्हावे लागते. इंग्रजीतला नॉस्टॅल्जिया मुळात इतका गोडही नव्हता. योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने 1688 मध्ये तो शब्द घडवला तो घराच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या आजाराचे नाव म्हणून. त्या अर्थाने हा आजार आम्हाला झाला होता, पण तेव्हा, अकराव्या वर्षी. दिवाळीनंतर पत्र्याची पेटी घेऊन वसतिगृहाच्या दारात उतरलो की पुढचे आठ दिवस संध्याकाळचे जेवण घशाखाली जात नसे. ज्या जागेत राहून घरासाठी झुरलो, त्याच जागेसाठी आता झुरतो, हे म्हणणे ऐकायला चमकदार आहे, पण खरे नाही. पातळ वरण, एकाला झाली की चाळीस जणांना होणारी खरूज, थंडीत हौदावरची आंघोळ आणि अधीक्षकांची छडी यांच्यासाठी कोणीही झुरत नाही.

यावर समोरचा म्हणेल, कडू गोष्ट दुरून गोड लागते, यालाच तर स्मरणरंजन म्हणतात. ठीक. मग मला एक सांगा: माणसे तिथे भांडतात का? निवासी शाळेच्या मेळाव्यात ज्याने तासभर काढला आहे त्याला माहीत असते की तिथे गप्पा कमी आणि वाद जास्त होतात. सुटीत घरी जाताना शकुंतला रेल्वे दारव्हा मोतीबागला किती वेळ थांबायची, पळून गेलेल्या दोघांना परत कोणी आणले, कांजण्या आल्या त्या वर्षी आपण सहावीत होतो की सातवीत. आवाज चढतात. "काहीबी सांगतं बे, मी होतो ना तिथी!" रंजनासाठी जमलेली माणसे तपशिलावरून भांडत नाहीत. तपशिलावरून भांडतात ते साक्षीदार.

आणि आठवणींनी रमायचे असेल तर ते घरी, एकट्याने, जास्त चांगले जमते. तिथे खोडून काढणारा कोणी नसतो. वणीहून, उमरखेडहून, पुण्याहून एसटीच्या गर्दीत अंग चेंगरून घेत माणूस येतो तो काय आपल्याला आधीच ठाऊक असलेले पुन्हा आठवायला? तो येतो ते आपल्याला ठाऊक नसलेले, पण आपल्याच बाबतीतले काही विचारायला. भले हे त्याला शब्दांत सांगता येत नसो.

घरी वाढलेल्या मुलाचे बालपण घरच्यांकडे जमा असते. तो केव्हा चालायला लागला, कशाला घाबरायचा, कोणत्या भाजीला नाक मुरडायचा हे आई सांगते, आत्या सांगते, शेजारची काकू सांगते. तो कंटाळेपर्यंत सांगतात. निवासी शाळेतल्या मुलाच्या आईला त्याची पहिली दहा वर्षे माहीत असतात. नंतरची माहीत नसतात. अकराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत, म्हणजे आवाज फुटतो, भीती बदलते, खोटे बोलणे सफाईने जमू लागते त्या काळात तो कसा होता याची कल्पना तिला नसते. ती पाहते सुटीतला पाहुणा. झोपेत तो काय बडबडायचा हे आईला माहीत नसते. शेजारच्या खाटेवरच्याला माहीत असते.

महाराष्ट्राने हा प्रयोग थोड्या मुलांवर केलेला नाही. कोल्हापूरला शाहू महाराजांनी 1901 पासून उभी केलेली बोर्डिंगे, साताऱ्याला भाऊराव पाटलांचे वसतिगृह, अमरावतीला पंजाबराव देशमुखांचे श्रद्धानंद छात्रालय, मग आदिवासी भागातल्या आश्रमशाळा. हा इतिहास सर्वांना पाठ आहे. नवोदयची सुरुवातही आमच्या शेजारी, अमरावतीला झाली. 1985-86 मध्ये देशात पहिली दोन विद्यालये निघाली त्यातले ते एक, दुसरे हरियाणात झज्जरला. यवतमाळ जिल्ह्याचे नवोदय घाटंजी तालुक्यात बेलोऱ्याला आहे. या योजनेत किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, आणि नववीतले 30 टक्के विद्यार्थी वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवायचे, अशी तरतूद आहे. म्हणजे चौदाव्या वर्षाचा एक आख्खा तुकडा अशा सोबत्यांकडे ठेव म्हणून राहतो, ज्यांची भाषाही पुढे कानावर पडत नाही. या साऱ्या संस्थांनी किती मुले शिकली, किती पुढे गेली याचे हिशेब मांडले जातात आणि ते मांडले पाहिजेत. पण या मुलांचे बालपण कोणाच्या हवाली झाले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ते अधीक्षकांच्या हवाली झाले नाही. ते एकमेकांच्या हवाली झाले.

म्हणून मी आठवण आणि साक्ष यांत फरक करतो. आठवण आपली असते, साक्ष दुसऱ्याची. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. आठवणीला आपण रोज थोडे घासूनपुसून ठेवतो, कोपरे गुळगुळीत करतो. साक्षीला हात लावता येत नाही, कारण ती आपल्या पेटीत नसते.

इथे जाणकार वाचक मोरिस हाल्ब्वाक्स काढतील. आठवण मुळातच सामाजिक असते, ती समूहाच्या चौकटीत घडते, हे त्याने 1925 सालीच मांडले; तेव्हा तुझा हा फरक टिकत नाही. मला हा आक्षेप सर्वांत गंभीर वाटतो आणि म्हणूनच तो मी मान्य करत नाही. समूहाची आठवण असते खरी. मेळाव्याच्या मंचावरून जी सांगितली जाते ती समूहाचीच आठवण: "आम्ही सगळे एका ताटात जेवलो, जात-पात माहीतच नव्हती." हे वाक्य मी अनेक मेळाव्यांत ऐकले आहे. आणि ते म्हणणारे कोण असतात, आणि त्या वेळी खाली मान घालून मोबाइल पाहणारे कोण असतात, हेही पाहिले आहे. समूहाची आठवण सर्वांना सोयीची होईपर्यंत दळली जाते. साक्ष त्या पिठात सापडलेला खडा असतो. दोन्ही गोष्टी जात्यातूनच येतात हे खरे. पण दाताखाली आल्यावर फरक कळतो.

दुसरा आक्षेप असा की साक्षीदारही चुकतात. प्रश्न कसा विचारला यावरून डोळ्यांनी पाहिलेला अपघातही माणसे वेगळा सांगतात, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1974 च्या प्रयोगापासून सर्वश्रुत आहे. मान्य. साक्ष जास्त खरी असते असा माझा दावा नाहीच. माझा दावा इतकाच की तिची उलटतपासणी होऊ शकते, आणि तिच्यामुळे माझी होऊ शकते. आठवणीत ही सोय नाही. तिथे आरोपी, वकील आणि न्यायाधीश मीच.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या वसतिगृहाच्या कोठीतला गूळ सातवीत असताना आम्ही तिघांनी चोरून खाल्ला, हा किस्सा मी तीस वर्षे सांगत आलो आहे. आमच्या मेळाव्यातही सांगितला, हशा मिळाला. किस्स्यात कोठीची खिडकी होती, ढेप फोडण्यासाठी वापरलेला खलबत्त्याचा दांडा होता, सदऱ्याला चिकटलेल्या मुंग्या होत्या. पुढे काय झाले, हे नव्हते. किस्सा मुंग्यांपाशीच संपायचा.

मेळाव्यानंतर काही महिन्यांनी पांढरकवड्याच्या बसस्टँडवर एक माणूस बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. मग जवळ येऊन म्हणाला, "तुम्ही एकतीस नंबर ना?" आमच्या ताटांवर खिळ्याने नंबर कोरलेले असत. माझा एकतीस. तो बत्तीस. झरी जामणीकडच्या एका पोडावरचा कोलाम मुलगा, पंगतीत दोन वर्षे माझ्या शेजारी बसलेला, आणि त्याचा चेहराही मला ओळखू आला नव्हता. चहा घेताना मी उत्साहाने गुळाचा विषय काढला. तोपर्यंत तो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला होता. शांतपणे म्हणाला, "गूळ तुम्ही खाल्ला ना बे. नाव माह्यं आलं. तूनंच तं सांगतलं होतं सरले." मी म्हटले, मला नाही आठवत. "तुले कायले आठवन? मार मी खाल्ला. मंग संक्रांतीले घरी गेलो, तो वापस आलोच नाही."

आवाजात राग नव्हता. पाटणबोरीची गाडी लागली, तो गेला.

मला खरोखर आठवत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. बाकीच्या दोघांना फोन केले. एक म्हणाला, असे काही नव्हते, दुसरा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, जाऊ दे ना आता. कदाचित बत्तीस नंबरचा चुकत असेल. नाव दुसऱ्याने घेतले असेल. पण त्याने सांगितले आणि माझा किस्सा मुंग्यांपाशी संपायचा बंद झाला. तो मी आता सांगत नाही. याला कोणी स्मरणरंजन म्हणत असेल तर त्याने मराठीचा कोश एकदा उघडून पाहावा.

या प्रसंगावरून मेळावे व्यर्थ असा निष्कर्ष काढता येईल. मी काढत नाही. मेळाव्यांवर माझी तक्रार आहे, पण ती टीकाकारांच्या नेमकी उलटी आहे. तिथे भूतकाळ फार होतो असे मला वाटत नाही, तिथे तो कमी पडतो. आणि कमी पडण्याचे कारण एका साध्या कारकुनी गोष्टीत आहे. मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून काढतात. दहावीच्या निकालात तेच असतात जे टिकले. जे सातवीत गेले, ज्यांना पोडावरून, तांड्यावरून परत कोणी आणले नाही, ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आणि जाताना लेकराला घेऊन गेले, ती नावे तिथे नसतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर त्यांचा प्रश्नच येत नाही. टिकलेल्यांनी टिकलेल्यांची साक्ष घ्यायची, याला आमच्याकडे घरचाच पंच म्हणतील. अशा मेळाव्यात सगळे एका ताटात जेवले होते, याबद्दल एकमत होते यात नवल नाही.

प्रत्येक शाळेत दाखलखारीज रजिस्टर असते. जाड, कापडी पुठ्ठ्याचे, कपाटाच्या खालच्या फळीवर. त्यात मूल कोणत्या तारखेला आले ते असते आणि कोणत्या तारखेला गेले ते असते. शेवटचा रकाना शाळा सोडण्याच्या कारणाचा. मध्येच गेलेल्यांच्या नावांपुढे त्या रकान्यात अनेकदा 'सतत गैरहजर' एवढेच लिहिलेले आढळते. शाळेने दिलेली ही साक्ष. मुलाची साक्ष घ्यायची राहून गेलेली असते.

आमच्या तुकडीचा पुढचा मेळावा दोन वर्षांनी आहे. टी-शर्टाच्या रंगावर चर्चा सुरू झाली आहे. मी ग्रुपवर एवढेच सुचवले की या खेपेला यादी दहावीच्या निकालावरून न करता पाचवीच्या दाखलखारीजवरून करावी. पाच जणांनी अंगठे दाखवले. एकाने विचारले, त्या सगळ्यांना शोधायचे कसे? एकाने विचारले, आणि ते येऊन बोलणार काय? पहिला प्रश्न कष्टाचा आहे. माझा भरवसा दुसऱ्यावर आहे, कारण तो विचारणारा फोनवर थोडा वेळ गप्प राहिला होता तोच.