घर विकताना मन कुठे ठेवायचं?

।। श्री गुरुदेव दत्त ।।



गेल्या काही महिन्यांत आपल्या परिवारातल्या तीन-चार घरांतून एकच प्रश्न आला. "आजोबांचा जुना वाडा विकायला काढलाय. मन लागत नाही. गुरूंचं सांगणं काय?" म्हणून आजच्या गुरुवारी हाच विषय घेतला आहे.

काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी, शालिबंडा... आपली जुनी मराठी घरं इथलीच. मधे चौक, तुळशीवृंदावन, दगडी विहीर, माडीवर जाणारा अरुंद जिना. आता घरात दोन वृद्ध माणसं, मुलं पुण्यात, बंगळुरात, कुणी हॉलंडमध्ये. पावसाळ्यात माडी गळते, डागडुजीला माणूस मिळत नाही. घर विकणं यात पाप नाही, हे आधी मनातून स्वच्छ करून घ्या.

आपल्या शहराकडेच बघा ना. नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये फलकनुमाचा पाया घातला. ते पुढे निजामांचे दिवाण झाले. पण महाल इतका खर्चिक झाला की ते कर्जात बुडाले, आणि काही वर्षांतच महाल सहावे निजाम महबूब अली खान यांच्याकडे गेला. १९११ मध्ये तिथेच निजामांचा देह पडला. २०१० पासून तिथे हॉटेल आहे. ज्याने हौसेने बांधला त्याला तो राखता आला नाही, ज्याने घेतला त्यालाही बरोबर नेता आला नाही.

किंग कोठीचीही गोष्ट सांगतात. ती मूळची कमाल खान यांची. दारं-खिडक्यांवर त्यांच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं कोरलेली, 'के के'. घर निजामांकडे आलं तेव्हा अक्षरं तशीच ठेवली, फक्त अर्थ बदलला, किंग कोठी! आपण भिंतीवर कोरलेल्या नावाची किंमत एवढीच.

हैदराबादेत सरदारांच्या मोठ्या हवेलीला देवडी म्हणतात. आपल्या मराठीत मात्र देवडी म्हणजे वाड्याच्या दरवाजाशी पहारेकऱ्यांनी बसायची जागा. दोन्ही अर्थ एकत्र ठेवले की उपदेश आपोआप हाती येतो. हवेली कितीही मोठी असो, आपण तिचे पहारेकरी. पाळी संपली की किल्ल्या पुढच्याच्या हाती द्यायच्या. हॉलंडमध्ये तर संरक्षित जुनं घर विकत घेणाऱ्यालाही परवानगीशिवाय त्यात मनाला येईल तसा बदल करता येत नाही. पैसे मोजूनही तो राखणदारच!

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. त्यात साप आहे. तो घर बांधत नाही, दुसऱ्याने केलेल्या बिळात राहतो आणि निघतो. त्यात कबुतरही आहे. पिल्लं जाळ्यात सापडली, मागोमाग मादी गेली, आणि त्या दुःखात कबुतराने स्वतःच जाळ्यात उडी घेतली. घरट्यात राहिलं म्हणून ते बुडालं नाही, घरट्याशिवाय आपण कुणीच नाही असं वाटलं म्हणून बुडालं.

आता नीट ऐका. वैराग्याची ही गोष्ट दुसऱ्याला ऐकवायची नसते. वाटणीच्या वेळी नेमकं काय होतं? भाऊ बहिणीला म्हणतो, "तू तर सत्संगाला जातेस, तुला कशाला हवी मिळकत? हक्कसोडपत्रावर सही कर." हे वैराग्य नव्हे, हा वैराग्याच्या नावाखाली लोभ झाला.

तुकोबांचं चरित्र आठवा. सावकारीची खतपत्रं इंद्रायणीत सोडायची वेळ आली तेव्हा भाऊ कान्होबांच्या वाट्याची पत्रं त्यांनी आधी वेगळी काढून दिली. बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. त्याग आपल्या ताटातला करायचा असतो, भावाच्या किंवा बहिणीच्या नाही.

कायदाही हेच सांगतो. आपल्याकडे, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, १९८५ पासूनच त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. २००५ मध्ये तो देशभरातल्या मुलींना, लग्न झालेल्यांनाही, मिळाला. वडील तेव्हा हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. प्रत्येक घराचे कागद वेगळे, म्हणून चांगल्या वकिलाला जरूर दाखवा. बहिणीने आपखुशीने सोडलं तर तो तिचा मोठेपणा. पण तिच्याकडून काढून घेतलेल्या सहीवर उभं राहिलेलं घर लाभत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी हा विषय चालू आहे त्यांनी एवढं करावं:

१. भाव ठरण्याआधी सर्व भावंडांनी एकदा देवासमोर एकत्र बसावं. परदेशातल्यांना फोनवर घ्यावं. मोठ्या ताईपासून बोलायला सुरुवात करावी.

२. घरात राहणारी आई, आत्या, काकू कुठे राहणार, हे आधी ठरवावं. "बघू नंतर" चालणार नाही. त्यांची खोली, त्यांचं औषधपाणी, त्यांच्या नावाची रक्कम आधी, मग बाकीची वाटणी.

३. कुलदेवतेचे टाक आणि देव कोणाकडे जाणार हे प्रेमाने ठरवावं. ज्याला रोज दिवा लावणं जमेल त्याने न्यावेत.

४. वर्षानुवर्षं घरात काम केलेल्या बाईंना, माळीदादांना रिकाम्या हाताने निरोप देऊ नये.

५. घेणाऱ्याला घराचे दोष खरे सांगावेत. गळकी माडी झाकून मिळालेला पैसा घरात शांती आणत नाही.

आणखी एक. ज्या वाड्यात आपला गुरुवारचा सत्संग इतकी वर्षं भरला, तोही आता विक्रीला आहे. "त्यांनी तो केंद्राला द्यावा, कुणीतरी शब्द टाका," असं काही साधकांनी सुचवलं. आम्ही सर्वांनी मिळून ठरवलं आहे की केंद्रातर्फे त्या कुटुंबाकडे असा शब्द कोणीही टाकायचा नाही. त्या घराने आजवर आपल्याला चौक दिला, चहा दिला, पावसात छप्पर दिलं. आता त्यांच्या अडचणीच्या वेळी आपण त्यांच्यावर भक्तीचं ओझं घालायचं नाही. पुढच्या महिन्यापासून सत्संग आळीपाळीने आपल्या घरी होईल. दोन खोल्यांचा फ्लॅट असला तरी चालेल, दत्तमहाराज चौरस फूट मोजत नाहीत.

या आठवड्याची उपासना: रोज सायंकाळी दिवा लावल्यावर, ज्या भावंडाशी घरावरून अबोला आहे त्याचं नाव घेऊन एक माळ जप. आणि रविवारी त्याला एक फोन. व्यवहाराचं काही बोलायचं नाही, फक्त "जेवलास का?" एवढं विचारायचं.

हा संदेश आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर ज्येष्ठांना मोठ्याने वाचून दाखवावा.

।। अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ।। 🙏