शास्त्रवचनाचा अर्थ कसा लावावा?

शास्त्राचा अर्थ लावणे हे विद्वानांचे काम आहे, असे पुष्कळांस वाटते. परंतु जो कोणी एखादे वचन दुसऱ्यास ऐकवितो, तो त्याचा अर्थ लावीतच असतो. म्हणून हा प्रश्न विद्वत्तेपेक्षा प्रामाणिकपणाचा आहे. शेजाऱ्याचे निम्मे बोलणे गाळून उरलेले चावडीवर सांगणे ही खोटी साक्ष होय. मग देवाच्या वचनाविषयी तसे केले, तर त्यास काय म्हणावे?

ठाणे जिल्ह्यात डोंबिवलीजवळ कोपर नावाचे रेल्वे स्टेशन आहे. तेथे खालून मुंबई-कल्याण मार्ग जातो व वरून दिवा-वसई मार्ग. वर काय नि खाली काय, स्टेशनाचे नाव एकच. केवळ नाव पाहून जो येईल त्या गाडीत बसेल, तो कल्याणाऐवजी वसईस पोहोचेल. पाटी खोटी नसते. मार्ग कोणता हे त्याने पाहिलेले नसते. वचनाचेही असेच आहे.

एक उदाहरण घेऊ. काम न मिळालेला भुकेला मजूर दाराशी येतो. घरधनी म्हणतो, "जो काम करीत नाही त्याने खाऊ नये, असे पौलच सांगतो," आणि दार लावितो. आता थेस्सलनीकाकरांस दुसरे पत्र, अध्याय ३, वचन १० उघडून पाहावे. ज्याला काम करण्याची इच्छाच नाही, त्याविषयी पौल तेथे बोलतो. मूळ ग्रीक वाक्यातही इच्छा दाखविणारे क्रियापद आहे. पुढच्याच वचनात, काम सोडून इतरांच्या कामांत लुडबुड करणाऱ्यांचा उल्लेख आहे; आणि तेराव्यात, चांगले करिताना खचू नये असा बोध आहे. आळशास दिलेली ताकीद घरधन्याने काम शोधून थकलेल्याच्या माथी मारिली, आणि स्वतःस दिलेला बोध मात्र वाचलाच नाही!

ह्यावरून काही नियम ध्यानात ठेवावे.

पहिला, वचनाच्या मागचे व पुढचे वाचावे.

दुसरा, कोण कोणास बोलतो हे पाहावे. पौल व याकोब दोघेही अब्राहामाचा दाखला देतात; एक विश्वासावर भर देतो, दुसरा कृतींवर. पौलापुढे कर्मांचा अभिमान बाळगणारे आहेत. याकोबापुढे उघड्या व भुकेल्या बंधूस नुसत्या शब्दांनी वाटेस लावणारे आहेत. रोग निराळा, म्हणून औषध निराळे.

तिसरा, वचनाशी वचन ताडून पाहावे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतानानेही स्तोत्राचा आधार घेतला. प्रभूने त्यास दुसऱ्या शास्त्रवचनानेच उत्तर दिले.

चौथा, शब्दांचा कस लावावा. पंडिता रमाबाईंनी ह्यासाठी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि साध्या बायाबापड्यांस समजेल अशा मराठीत सर्व बायबलाचे भाषांतर केले. १९२२ साली त्या निवर्तल्या. १९२४ साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. विद्येचा उपयोग त्यांनी अर्थ लपविण्यासाठी केला नाही, तर उघड करण्यासाठी केला.

कोणी म्हणेल, साधा विश्वास पुरे नाही काय? पुरे आहे, पण साधा विश्वास पुढची ओळ वाचण्यास भीत नाही. ज्यास वाचता येत नाही त्यानेही शिक्षकास नम्रपणे विचारावे, "दादा, पुढे काय लिहिले आहे?" आणि शिक्षकाने त्या प्रश्नाचा राग मानू नये.

वचन कठीण वाटते म्हणून त्याचा अर्थ सोयीचा करू नये. परंतु आपण लाविलेल्या अर्थाने आपणांस काहीच सोसावे लागत नसेल आणि सर्व भार शेजाऱ्यावरच पडत असेल, तर पुस्तक न मिटता तो अध्याय पुन्हा आरंभापासून वाचावा.